वीतभर आभाळ

मी एक जुनी रिंग आहे, मित्रांनो. बोटात घालतात ती नव्हे. त्या नाजूक बायांशी माझं काही नातं नाही. मी बास्केटबॉलची रिंग. लोखंडाची, जाडजूड, आणि आता कडेकडेने गंजलेली. कसबा पेठेत, दोन इमारती आणि एका देवळाची मागची भिंत यांच्या कुशीत शाळेचं एक चिमुकलं मैदान आहे. तिथे एका खांबावर, सागवानी फळीला पाठ लावून, मी आयुष्यभर आभाळाकडे तोंड करून बसले आहे. ‘आ’ वासून बसलीय, असं म्हणा हवं तर. मला राग नाही. तोंड मिटून बसलेल्या रिंगचा कुणाला काय उपयोग?

माझा जन्म याच पेठेतला. देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. शाळेत यज्ञेश्वर सर नावाचे कवायतीचे शिक्षक होते. इस्त्रीची पांढरी अर्धी चड्डी, गळ्यात शिटी, आणि डोक्यात सतत काहीतरी नवं. लष्कर भागातल्या एका मैदानावर त्यांनी हा खेळ पाहिला आणि सुतळीचं एक वेटोळं हातात घेऊन ते थेट दीनानाथ लोहाराच्या भट्टीवर गेले.

“कढईचं माप दिसतंय,” दीनानाथ म्हणाला.

“कढई नाही हो. टोपलीचं तोंड समजा.”

“आणि बूड?”

“बूड नको.”

दीनानाथने भाता थांबवला. “बूड नको? सर, चेंडू वरून टाकणार, तो खालून पडणार. मग टाकायचा कशाला?”

“पुन्हा टाकायला!”

दीनानाथ दाढीतल्या दाढीत हसला. “मग पोरांना आवडणार हा खेळ,” तो म्हणाला, आणि त्याने पहिला घाव घातला. मी लाल झाले, वाकले, माझीच दोन टोकं एकमेकांना भेटली. त्या भेटीलाच जन्म म्हणतात, निदान आम्हा गोल माणसांमध्ये.

यज्ञेश्वर सर मोजमापाला पक्के. त्यांनी दहा फुटांचा एक बांबू कापून आणला, जमिनीवर उभा केला आणि त्याच्या शेंड्याला मला लावून घेतलं. मुलं फेकतात ती जागा कळावी म्हणून समोर एक शहाबादी फरशी जमिनीत बसवली. पुढच्या वर्षी तो बांबू गणपतीच्या मांडवाला गेला आणि परत आला नाही. पुण्यात हरवलेला बांबू मांडवात सापडतो खरा, पण आपला कुठला ते ओळखता येत नाही.

आता आमच्या शाळेची रीत सांगते, कारण सगळी गोष्ट त्या रीतीवर उभी आहे. अगदी शब्दशः उभी आहे.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं-अवजारं पुजतात. आमच्याकडे चेंडू, लेझमी, शिट्या आणि मी. माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडायची. पण त्याआधी मैदान नवं करायचं. आधी बैलगाडी यायची, पुढे ट्रक यायला लागला. लाल मुरूम ओतला जायचा, मुलं तो घमेल्यांनी पसरायची, झारीने पाणी शिंपायची, आणि मग बायका चोपणी घेऊन बसायच्या. शाळेच्या शिपाईणबाई मथुराबाई तेव्हा तरण्याताठ्या होत्या. चोपण्याच्या ठेक्यावर त्या ओवी लावायच्या आणि बाकीच्या मागून उचलायच्या:

*भुई चोपू गं भुई, चोपू हलक्या हातानं,*
*वर नाचे लेक माझी, आभाळाच्या मापानं.*

जुना मुरूम आधी खरवडावा, असं कुणाच्याच मनात आलं नाही. किंवा आलं असेल, पण यज्ञेश्वर सर म्हणायचे, “मैदान म्हणजे आई. आईचं अंग खरवडायचं नाही, माखायचं.” वाक्य इतकं गोड होतं की सर गेले तरी ते राहिलं. दरवर्षी थर चढायचा. पावसाळ्यात बराचसा वाहून जायचा, उरलेला मुकाट बसून राहायचा. एका वर्षात बोटाच्या जाडीइतकाही नाही. पण वर्षांना घाई नसते, मित्रांनो, आणि ती थांबतही नाहीत.

मुलांचे चेहरे मला हळूहळू जवळ दिसायला लागले. आधी मला वाटलं, पोरं उंच होताहेत, दूधदुभतं वाढलं असेल. मग समोरची फरशी दिसेनाशी झाली आणि मला कळलं. हे मी ठणकावून सांगते: मी खाली आले नाही. माझा खांब सरळ होता, माझे बोल्ट घट्ट होते. मैदान वर आलं.

कुणालाही कळलं नाही. मैदान एवढंसं, त्यात मी एकटीच, म्हणून मोठे सामने आमच्याकडे कधी झालेच नाहीत. मुली सरावाला इथे आणि सामन्याला बाहेर. इथे दहातले आठ चेंडू माझ्या पोटातून जायचे. बाहेर पहिल्या अर्ध्यात सगळे आखूड पडायचे. मुली परत येऊन म्हणायच्या, “तिथली रिंग उंच होती.” आणि मोठी माणसं म्हणायची, “हरल्यावर सगळ्या रिंगा उंचच दिसतात.”

असं ऐकून घेतलेल्या मुलींमध्ये एक सुनीती होती. दोन वेण्या, हाडकुळी, पण मनगट असं, की चेंडू तिने सोडला की मी निर्धास्त व्हायचे. राज्याच्या निवडीला गेली आणि तिचे चेंडू एकामागून एक माझ्या परक्या बहिणीच्या ओठाला लागून परतले. ती आली ती गप्प होऊन आली. पुढे याच शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मुली म्हणाल्या की तिथली रिंग उंच होती, तर सुनीतीबाई त्यांना तेच वाक्य ऐकवायच्या जे त्यांनी ऐकलं होतं.

मधल्या काळात मला कुणी विचारलंही नाही. जो तो बॅट घेऊन फिरत होता. माझ्या कडेला पताकांची दोरी बांधली, कुणाचा पतंग अडकून वर्षभर लोंबला, एका पारव्याने तर फळीमागे संसार थाटला. सुनीतीबाईंनी एकदा स्वतः शिडी लावून मला शेंदरी रंग दिला, नवी जाळी विणून बांधली आणि म्हणाल्या, “चला, कामाला लागा.” पुणेरी प्रेम हे असं असतं.

आणि मग मैना आली.

मैना खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका गावातली. गाव महापालिकेत गेलं होतं, पण म्हशी अजून गावातच होत्या. तिचे वडील मच्छिंद्र पहाटे मोटारसायकलला दुधाचे कॅन लावून निघायचे. सुनीतीबाईंनी मैनाला कुठल्याशा आंतरशालेय सामन्यात पाहिलं आणि अकरावीला आमच्याकडे ओढून आणलं. पोरगी अशी उंच, की मैदानाच्या फाटकातून येताना उगाचच वाकायची. फाटकाला वर चौकटच नव्हती!

“मैने, डोकं कुठे आपटणारेस? आभाळाला?” सुनीतीबाई म्हणायच्या.

“सवय हाय बाई,” मैना लाजून म्हणायची, आणि लगेच सुधारायची, “आहे. सवय आहे.”

ती खेळायला लागली आणि मला माझं तरुणपण आठवलं. धावत यायची, दोन पावलं घ्यायची, आणि तिसरं पाऊल हवेत. वेणी मागे, हात वर, डोळे माझ्यावर. रोज थोडी थोडी जवळ. बारावीत गेल्यावर एका संध्याकाळी तिच्या बोटांची टोकं मला लागली. टण्ण! सतरा वर्षांची मुलगी, आणि तिने रिंगला हात लावला!

मैत्रिणी किंचाळल्या. “ए, फुल्ल वेडी आहेस का तू! परत कर, परत कर, मी शूट करते!” मैनाने परत केलं. तो व्हिडिओ रात्रीत कुठे कुठे पोहोचला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी देवळात आलेले लोकसुद्धा भिंतीवरून डोकावून विचारायला लागले, “ती रिंगवाली मुलगी हीच का?” मी फुलून गेले. किती वर्षांनी कुणीतरी माझं नाव एखाद्या मुलीच्या नावाला जोडलं होतं!

आठवड्याच्या आत दिगंबरराव आले. गोरेगोमटे, टी-शर्टवर संघाचं चित्र, डोक्यावर काळा चष्मा. लांबच्या एका शहरात मुलींची नवी व्यावसायिक लीग निघत होती आणि हे तिथल्या एका संघासाठी खेळाडू गोळा करत फिरत होते. त्यांनी मैनाला माझ्यापर्यंत उडी मारायला लावली, स्वतः टाळ्या वाजवल्या, आणि म्हणाले, “दिवाळीआधी शिबिराला यायचं. तिथेच राहणं, जेवण, पगार. दोन वर्षांचा करार.”

“बारावी आहे तिची,” सुनीतीबाई म्हणाल्या. “फेब्रुवारीत परीक्षा.”

“बाई, परीक्षा दरवर्षी येते. संघ दरवर्षी येत नाही.”

“येतो की. तुमचाच हा तिसरा ना? आधीचे दोन कुठे गेले म्हणालात?”

दिगंबररावांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. “तुम्ही चेष्टा करताय. पण एक सांगा. खेळाडूचे गुडघे पदवीची वाट बघत थांबतात का? आज ही उडी आहे. चार वर्षांनी असेल? बाहेरच्या देशांत शाळेतून थेट उचलतात पोरांना. आपण मात्र आधी बारावी, मग पंधरावी, मग लग्न. आणि मग म्हणायचं, आमच्याकडे खेळाडू का निर्माण होत नाहीत!”

खोटं नाही बोलला माणूस. मी स्वतः कितीतरी मुली पाहिल्या आहेत, ‘एवढी परीक्षा झाली की येते’ म्हणून गेलेल्या. पुढे त्या मला भेटल्या त्या आपल्या लेकींना कडेवर घेऊन, खालून माझ्याकडे बोट दाखवताना.

मच्छिंद्र दुधाच्या कॅनला टेकून उभा होता. तो म्हणाला, “बाई, तुमी रागावू नका. पर माझ्या पोरीला कुनीतरी एवढ्या लांबनं बगाया आलंय. आमच्याकडं लांबनं मानूस येतो त्यो फक्त जमिनीच्या मोजनीला. मी नाय कसा म्हनू?”

सुनीतीबाईंनी मैनाकडे पाहिलं. मैना माझ्याकडे पाहत होती.

“मला जायचंय,” ती म्हणाली. “बाई, मला खरंच जायचंय. मी रिंगला हात लावते. माझ्यापेक्षा मोठ्या मुली लावत नाहीत.”

दसऱ्याला, माझ्याच खाली, सही करायची असं ठरलं.

मित्रांनो, त्या दिवसांत मला माझं मुकेपण बोचलं. मला तिची उडी ठाऊक होती, तशी तिच्या पायाखालची भुईही ठाऊक होती. तिकडच्या लाकडी मैदानावर, हजार दिव्यांखाली, माझी ती परकी बहीण पूर्ण दहा फुटांवर असणार. मैना उडणार आणि मधे आभाळ उरणार. लोक ‘रिंगवाली मुलगी’ बघायला आलेले असणार. आणि मागे परतायला बारावीचं वर्षही नसणार. सुनीतीसारखीच गप्प होऊन येईल ही, असं मनात यायचं आणि वारा नसताना माझी जाळी हलायची.

अष्टमीला मुरुमाचा ट्रक आला. मुलींनी घमेली उचलली. मथुराबाई आता पार वाकल्या होत्या, पण खुर्ची टाकून ओवी लावायला हजर. मैना सगळ्यांत पुढे. तिनेच माझ्या पायाशी मुरूम पसरला, तिनेच चोपला. रात्रीत तो वाळला आणि नवमीच्या सकाळी मैदान कुंकवासारखं लाल दिसत होतं.

माळ घालण्याआधी मुली म्हणाल्या, “मैने, एकदा होऊन जाऊ दे!”

मैना धावली. उडाली. कालपर्यंत बोटांची टोकं लागायची. आज दोन पेरं माझ्यावर पक्की बसली. तिने मला चक्क धरलं!

काय तो गलका! “अगं, वाढलीस तू! रोज वाढतेय ही!” सुनीतीबाईसुद्धा हसल्या. पण मैना खाली उतरली ती हसेना. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मग पायाखाली पाहिलं.

“एका रात्रीत?” ती म्हणाली.

“काय एका रात्रीत?”

“बाई, मी एका रात्रीत दोन पेरं कशी वाढले?”

ती खांबाजवळ येऊन बसली आणि बोटाने मुरूम उकरायला लागली. ताजा थर, त्याखाली गेल्या वर्षीचा, त्याखाली आणखी काळपट. मग हळूच, जणू स्वतःशीच, म्हणाली, “आमच्या घरासारखं झालंय.”

“म्हणजे?”

“आमच्या दारावरून रस्ता जातो. दरवेळी जुन्यावरच नवं डांबर टाकतात. टाकत टाकत रस्ता एवढा वर आलाय, की आता आमच्याकडे दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. मला वाकून जावं लागतं. पाहुणे म्हणतात, घर केवढं बुटकं बांधलंय. घर बुटकं नाहीये बाई. रस्ता चढलाय.” तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “ही रिंग पण बुटकी नसणार.”

मी, मित्रांनो, त्या क्षणी आनंदाने वितळून पुन्हा दीनानाथच्या भट्टीत गेले असते. कुणीतरी ओळखलं!

सुनीतीबाईंनी टेप आणली. एक टोक मैनाने शिडीवर चढून माझ्या कडेला धरलं, दुसरं बाईंनी जमिनीला लावलं. बाईंनी आकडा वाचला, पुन्हा वाचला, चष्मा पुसून वाचला. दहा फुटांना चांगली वीतभर जागा कमी होती.

बाई मुरुमाच्या उरलेल्या ढिगावर बसल्या, साडीला लाल लागेल याची पर्वा न करता. म्हणाल्या, “तिथली रिंग उंच होती.”

“काय बाई?”

“काही नाही. मी एवढीशी असताना हे म्हटलं होतं. कुणी ऐकलं नाही. नंतर मीही कुणाचं ऐकलं नाही.” त्यांनी नाक पुसलं. “तर, मैनाबाई. आता काय करायचं? तुला माहीत झालंय, मला माहीत झालंय. बाकी कुणाला नाही.”

“आणि रिंगला,” मैना म्हणाली.

दसऱ्याला दिगंबरराव पेढे, पेन आणि कागद घेऊन आले. मच्छिंद्र धुवट सदऱ्यात, टोपी घालून आला होता. मैनाने दोघांना सगळं सांगितलं. मोजून दाखवलं. वडिलांचा चेहरा उतरला. दिगंबररावांचा मात्र जराही उतरला नाही.

“एवढंच ना?” ते म्हणाले. “अगं, तू उंच आहेस, चपळ आहेस, शिकशील. आणि लोकांनी तुझा व्हिडिओ पाहिलाय. लोक येणार ते तुला रिंगला हात लावताना बघायला. सामन्याआधी प्रदर्शनी खेळ ठेवू. त्याला आम्ही रिंग थोडी खाली लावू. हल्लीच्या रिंगा खालीवर होतात. वीतभर फरक गॅलरीतून कुणाला कळतोय?”

देवळात घंटा वाजली.

मग मच्छिंद्रने टोपी काढली. “सायेब,” तो म्हणाला, “माझ्या घराला रस्त्यानं बुटकं केलं. लोक मला हासत्यात, मी ऐकून घेतो. आता माझ्या पोरीला उंच दाखवाया तुमी रिंग बुटकी करनार? आन् ज्या दिशी कुनी टेप लावल, त्या दिशी हिनं कुठं बगायचं?”

“काका, भावनेच्या भरात...”

“भावना न्हाई. मोजनी हाय ही. मोजनी मला चांगली कळती.”

“तुमच्या बोलण्यात माझी संधी जाते आहे, अण्णा,” मैना वडिलांना म्हणाली, आणि आम्ही सगळेच दचकलो. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. “जाऊ दे. मीच घालवते.” ती दिगंबररावांकडे वळली. “सर, मला खेळायचंच आहे. पैसे घेऊन, मोठ्या मैदानावर, दिव्यांखाली. पण मला किती येतं ते मला कालपर्यंत माहीतच नव्हतं. ते कळू दे. बारावी होऊ दे. मग मी स्वतः तुमच्याकडे येते, पूर्ण दहा फुटांवर बघा मला.”

“पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसरी असेल.”

“असेल. मग तिच्यापेक्षा चांगलं खेळावं लागेल.”

दिगंबररावांनी कागदाची घडी केली. जाताना पेढे मात्र ठेवून गेले. सुनीतीबाईंनी पुडा उघडला आणि म्हणाल्या, “पेढ्यांचं माप बरोबर आहे हो. घ्या सगळ्यांनी.”

त्याच दुपारी कुदळी निघाल्या. लोक सोनं लुटत होते आणि आमच्या मुली मैदान खोदत होत्या. मथुराबाई काठी आपटत आल्या. “अगं, आईचं अंग खरवडताय? सणाच्या दिवशी?”

“आईचं अंग खाली आहे, मथुराबाई,” सुनीतीबाई म्हणाल्या. “हा आपण चढवलेला थर आहे. तिला श्वास घेऊ दे.”

थरांवर थर निघाले. त्यात गोट्या निघाल्या, एक गंजकी शिटी, कुणाच्या तरी पायातलं पैंजण. आणि शेवटी कुदळ ठण्णकन वाजली. शहाबादी फरशी! यज्ञेश्वर सरांनी बसवलेली. मथुराबाई पुढे आल्या, वाकल्या, पदराने फरशी पुसली आणि तिला हात जोडले. मग स्वतःच ओवी लावली, पडक्या आवाजात: “वर नाचे लेक माझी, आभाळाच्या मापानं...”

मैना फरशीमागून धावली. दोन पावलं, तिसरं हवेत. हात वर आला, वर आला, आणि थांबला. माझ्या आणि तिच्या बोटांच्या मधे वीतभर आभाळ होतं.

मित्रांनो, इतकी वर्षं मला किती हात लागले, पण ते न लागलेलं बोट मला सगळ्यांत प्रिय आहे. ते खरं होतं.

मच्छिंद्रने दुसऱ्या दिवशी गावाकडून एक बांबू आणला. मोटारसायकलला कॅनशेजारी आडवा बांधलेला. लक्ष्मी रस्त्यावर त्याने किती लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ते तो फार अभिमानाने सांगायचा. सुनीतीबाईंनी तो बरोबर दहा फुटांना कापला. आता दर खंडेनवमीला आधी जुना थर निघतो, मग नवा पडतो, मग बांबू उभा राहतो, आणि मगच पूजा. माळ आम्हा दोघांत अर्धी-अर्धी होते. चालतं मला.

मैना संध्याकाळी तासभर यायची, मग अभ्यासाला जायची. थंडीत, धुक्यात यायची. उडायची आणि चुकायची, उडायची आणि चुकायची. तिची नेमबाजी आधी सुधारली, मग कंबर, मग पाय. शेवटचा पेपर देऊन ती परीक्षेचं पॅड बगलेत धरूनच आली. पॅड फरशीवर ठेवलं. मैदानात सुनीतीबाईंशिवाय कुणी नव्हतं. मैना धावली.

टिंग.

नखभर लागलं, मित्रांनो. फक्त नखभर. पण तेवढ्याने मी जी वाजले, ती अजून वाजते आहे.

दिगंबररावांची लीग पुढे निघाली की नाही, ते मला ठाऊक नाही. मैना मात्र निघाली. कॉलेजात खेळली, विद्यापीठाकडून खेळली, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षी तिला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी दोन संघ होते आणि तिने दोन्हीकडे आधी टेप मागितली. आता ती पगार घेऊन खेळते. पहिल्या सामन्यात पहिलाच चेंडू नीट पडला, असं सुनीतीबाई मला फळीवर थाप मारून सांगून गेल्या.

आता मलाही काढणार आहेत म्हणे. पारदर्शक फळी येणार, स्प्रिंगची रिंग येणार, खालीवर होणारी. येऊ दे. मी तिला एवढंच सांगेन, बाई, खालीवर हो, पण फरशीला विचारून हो.

तुम्हालाही तेच सांगते. कुणी हाक मारली तर घाबरू नका. शाळेतून जा, कॉलेजातून जा, पाय असतील तेव्हा जा; उडणाऱ्याला मी कधी अडवलेलं नाही. फक्त निघण्याआधी एकदा खाली वाका आणि बोटाने थोडा मुरूम उकरून बघा. आपण उंच झालो आहोत की आपल्या पायाखाली कुणी प्रेमाने भर घातली आहे, ते पाहून घ्या. आणि ज्या मैदानाने तुम्हाला उडवलं, त्याला दरवर्षी नवं करताना जुनं काढायला विसरू नका.

मग धावत या. मी इथेच आहे, दहा फुटांवर.